पिस्तूल की रायफल? अमेरिकी कायद्याची रेषा आणि ती ओलांडायला लावणारे सुटे भाग

अमेरिकेतल्या बंदुकीच्या दुकानात शेजारीशेजारी मांडलेली एआर-१५ पद्धतीची दोन शस्त्रे घ्या. दोन्हींची बॅरल साडेदहा इंचांची. काडतूस तेच, मॅगझिन तेच, आतली यंत्रणाही तीच. एकाच्या मागे खांद्याला टेकवायचा दस्ता आहे, दुसऱ्याच्या मागे मनगटाला पट्ट्याने बांधायचा ब्रेस. दुसरे शस्त्र 'पिस्तूल' म्हणून नेहमीच्या तपासणीनंतर विकत मिळते. पहिले 'आखूड बॅरलची रायफल' ठरते, आणि संघीय नोंदणीशिवाय ते जवळ सापडले तर दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. गोळीचा वेग आणि मारा दोन्हींचा सारखाच आहे.

हा फरक समजायचा तर शस्त्र किती घातक आहे हा प्रश्न बाजूला ठेवावा लागतो, कारण कायदा तो विचारतच नाही. कायदा विचारतो ते असे: हे शस्त्र खांद्याला टेकवून झाडण्यासाठी बनवले आहे की हातात धरून? त्याची लांबी किती? आणि पहिल्यांदा जोडले गेले तेव्हा ते काय होते? एखादा सुटा भाग बदलला की यातल्या एका प्रश्नाचे उत्तर बदलू शकते, आणि त्याबरोबर शस्त्राचा वर्गही. पुढच्या बाजूला स्क्रूने बसवलेली साधी प्लास्टिकची उभी मूठसुद्धा कायदेशीर पिस्तुलाला बेकायदा करू शकते. म्हणून शस्त्रांचे वर्ग आणि सुटे भाग हे दोन विषय वेगवेगळे शिकता येत नाहीत.

रेषा अशी का पडली

दारूबंदीच्या काळातल्या टोळीयुद्धांनंतर १९३४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट, म्हणजे एनएफए, मंजूर केला. मूळ विधेयकात मशीनगनबरोबर पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हरही होते. या शस्त्रांवर कर लावायचा आणि त्यांची नोंद ठेवायची, अशी योजना होती. पण पिस्तुलावर बंधन आले की लोक रायफल आणि शॉटगन कापून कोटाखाली लपवतील, अशी भीती होती. म्हणून आखूड रायफली आणि आखूड शॉटगनही यादीत घातल्या गेल्या. पुढे विरोध झाला, पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर विधेयकातून वगळले गेले. त्यांच्यासाठीची पळवाट बुजवणारे कलम मात्र जागच्या जागी राहिले. आजची सगळी विसंगती तिथून आलेली आहे: बारा इंची बॅरलची रायफल लपवता येते म्हणून तिची नोंदणी हवी, आणि चार इंची पिस्तुलाला ती नको.

कर ठरला २०० डॉलर. १९३४ मध्ये ही फार मोठी रक्कम होती, आणि महागाईबरोबर ती कधी वाढवली गेली नाही. रायफलच्या बॅरलची किमान मर्यादा आधी १८ इंच होती, १९६० मध्ये ती १६ वर आणली. शॉटगनची १८ इंचांवरच राहिली. दोन्हींसाठी एकूण लांबीची मर्यादा २६ इंच. १९६८ मध्ये गन कंट्रोल अ‍ॅक्ट आला आणि खरेदीचे वय, राज्याबाहेरची विक्री, विक्रेत्यांचे परवाने हे सगळे त्यात बसले. या दोन कायद्यांची अंमलबजावणी अल्कोहोल, तंबाखू, शस्त्रे आणि स्फोटके यांचा ब्युरो, म्हणजे एटीएफ, करतो.

भारतात ही रेषा अगदी वेगळ्या जागी आहे. तिथे काडतुसाचा प्रकार आणि बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, आधी बघतात. ९ मिमी पिस्तूल साध्या परवान्यावर मिळत नाही, .३२ चे मिळते. मुंबई-पुण्यात परवान्याचे व्यवहार पाहिलेल्या माणसाची समज अमेरिकेत जशीच्या तशी लागू पडत नाही ती यामुळे.

व्याख्या

रायफल म्हणजे खांद्यावरून झाडण्यासाठी आखलेले, बनवलेले आणि त्याच हेतूने असलेले शस्त्र, ज्याच्या बॅरलला आतून पीळदार खाचा असतात आणि जे चाप एकदा ओढल्यावर एकच गोळी सोडते. व्याख्येत 'नव्याने आखलेले किंवा नव्याने बनवलेले' हेही शब्द आहेत. म्हणजे कारखान्यातून पिस्तूल म्हणून निघालेले शस्त्र तुम्ही घरी दस्ता लावून रायफल बनवू शकता, आणि त्या क्षणापासून रायफलचे नियम तुम्हाला लागू होतात.

पिस्तूल म्हणजे मूळात एका हातात धरून झाडण्यासाठी आखलेले शस्त्र. त्याची मूठ आखूड असावी, बॅरलच्या रेषेशी कोनात असावी आणि त्या रेषेच्या खाली उतरावी. बॅरलच्या लांबीचा या व्याख्येत उल्लेखच नाही. सोळा इंची बॅरलचे पिस्तूल असू शकते. वजनाची किंवा काडतुसाची अटही नाही, त्यामुळे रायफलचे काडतूस झाडणारे एआर पिस्तूल हे संघीय कायद्याने पिस्तूलच. बॅरलला आतून खाचा नसतील, ती गुळगुळीत असेल, तर मात्र ते पिस्तूल राहत नाही आणि 'इतर शस्त्र' नावाच्या एनएफए वर्गात जाते.

या दोन्हींत न बसणारा तिसराही एक कप्पा आहे, ज्याला कायद्यात वेगळे नावच नाही. विक्रीच्या कागदावर तो नुसता 'फायरआर्म' असतो. एकूण लांबी २६ इंचांहून जास्त, दस्ता कधीच लागलेला नाही आणि दोन हातांनी धरायची रचना: असे शस्त्र पिस्तूल नाही, रायफल नाही आणि शॉटगनही नाही. मॉसबर्ग कंपनीचे ५९० शॉकवेव्ह याचे सगळ्यांत परिचित उदाहरण. त्याची बॅरल १४ इंचांची, म्हणजे शॉटगनच्या मर्यादेहून चार इंच कमी. तरीही ते नोंदणीशिवाय विकले जाते, कारण कारखान्यातून ते पक्ष्याच्या चोचीसारखी मूठ घेऊनच निघते आणि एकूण लांबी २६ इंचांच्या किंचित वर भरते. मूठ काढून दस्ता लावलात की ती आखूड शॉटगन झाली.

मोजायचे कसे

इथे चुका सर्वाधिक होतात, म्हणून नीट पाहू. बॅरल मोजताना शस्त्र रिकामे असल्याची खात्री करा, बोल्ट (काडतुसाच्या मागे बसणारा सरकता भाग) बंद करा आणि तोंडातून एक सरळ लाकडी काठी बोल्टच्या पुढच्या पृष्ठभागाला टेकेपर्यंत आत सरकवा. बॅरलच्या टोकापाशी खूण करा, काठी बाहेर काढा आणि तेवढी लांबी मोजा. बाहेरून दिसणारी बॅरल मोजणे चूक आहे, कारण चेंबरचा, म्हणजे काडतूस बसते तो, भागही बॅरलमध्येच धरतात.

तोंडावर आट्यांनी बसवलेला फ्लॅश हायडर (गोळीबाराचा लखलखाट कमी करणारा) किंवा मझल ब्रेक (धक्का कमी करणारा) मोजणीत येत नाही. तो कायमचा जोडला तरच येतो. कायमचा म्हणजे काय, हे एटीएफने सांगून ठेवले आहे: पूर्ण वितळवून केलेले वेल्डिंग, किंवा ११०० अंश फॅरनहाइटला वितळणाऱ्या चांदीच्या डाखाने केलेली जोडणी, किंवा आडवी पिन घालून तिच्या डोक्यावर केलेले वेल्ड. लॉकटाइटसारख्या गोंदाने घट्ट केलेली आटी चालत नाही. साडेचौदा इंची बॅरलवर लांब फ्लॅश हायडर पिन-वेल्ड करून सोळा इंच गाठणे ही बाजारातली नेहमीची पद्धत आहे. पण हायडरची लांबी पुरेशी आहे का ते वेल्ड करण्याआधी मोजा. आटीत बराच भाग आत जातो, आणि पेटीवर छापलेली लांबी पूर्ण हायडरची असते. सोळाला नेमके टेकवण्यापेक्षा थोडे वर राहणे शहाणपणाचे, कारण पंधरा पूर्णांक नऊ दशांश म्हणजे सोळा नव्हे.

एकूण लांबी मोजतात ती बॅरलच्या आसाला समांतर रेषेत, टोकापासून टोकापर्यंत, तिरकी नाही. रायफलचा दस्ता घडीचा असेल तर तो उघडून मोजतात. ब्रेस असलेल्या पिस्तुलाला एटीएफने ही सवलत दिलेली नाही. ब्रेस हा जोडभाग मानून तो वगळतात आणि घडी होत असेल तर घडी करून मोजतात. सतत फसगत होते ती या फरकामुळे. ब्रेस उघडून २६ इंच भरलेले पिस्तूल मोजणीत सव्वीसच्या आत येते, आणि मग त्यावर लावलेली उभी मूठ गुन्हा ठरते. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात तर सेंटरफायर (मध्यभागी टोचल्यावर पेटणारे काडतूस झाडणाऱ्या) अर्धस्वयंचलित रायफलला एकूण ३० इंच लागतात.

पहिला जन्म

कायद्याच्या दृष्टीने शस्त्र म्हणजे रिसीव्हर, अनुक्रमांक कोरलेला तो एक भाग. एआर-१५ मध्ये हा खालचा अर्धा असतो, ज्यात चाप आणि मॅगझिनची जागा आहे. बॅरल, दस्ता, वरचा अर्धा हे सगळे टपालाने घरी येऊ शकते. रिसीव्हर मात्र परवानाधारक विक्रेत्याकडून घेताना फॉर्म ४४७३, म्हणजे खरेदीदाराच्या तपासणीचा संघीय फॉर्म, भरावाच लागतो.

नुसता रिसीव्हर घेतला तर फॉर्मवर तो पिस्तूलही नसतो आणि रायफलही नसतो. तो पहिल्यांदा कशा रूपात जोडला गेला, यावर त्याचे पुढचे आयुष्य ठरते. आधी पिस्तूल बनले तर ते पुढे रायफल होऊ शकते आणि परत पिस्तूलही. आधी रायफल बनली तर ती कायमची रायफल. तिला आखूड बॅरल लावून दस्ता काढला तरी ती 'रायफलपासून बनवलेले शस्त्र' म्हणून एनएफएत येते. दुकानातून पूर्ण रायफल घेऊन तिचे पिस्तूल करणे यामुळेच शक्य नाही, भाग कितीही नेमके बसत असले तरी.

या नियमाचा अर्धा भाग सर्वोच्च न्यायालयातून आला. थॉम्पसन/सेंटर आर्म्स कंपनी काँटेंडर नावाचे एकगोळी पिस्तूल विकत असे, आणि त्याबरोबर २१ इंची बॅरल आणि दस्ता यांचे किट. ग्राहकाने लांब बॅरल आणि दस्ता दोन्ही लावले तर रीतसर रायफल. पण मूळची दहा इंची बॅरल तशीच ठेवून दस्ता लावला तर आखूड रायफल. नुसते किट विकणे म्हणजे आखूड रायफल बनवणे का? कंपनीने २०० डॉलर कर भरला आणि परतावा मागत खटला केला. १९९२ मध्ये न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कंपनीच्या बाजूने निकाल दिला. ज्या भागांना एक कायदेशीर उपयोग आहे ते एकत्र विकले म्हणून बेकायदा शस्त्र बनत नाही, आणि कायदा संदिग्ध असेल तर संशयाचा फायदा नागरिकाला. एटीएफने २०११ च्या निर्णयपत्रात पिस्तूल-रायफल-पिस्तूल असा प्रवास अधिकृतपणे मान्य केला.

निकालाची दुसरी बाजू लोक विसरतात. ज्या भागांचा आखूड रायफल बनवण्याखेरीज दुसरा कोणताच उपयोग नाही, ते एकाच माणसाकडे असणे धोक्याचे आहे. घरात दस्ता लावलेली एकच रायफल आहे आणि कपाटात साडेदहा इंची वरचा अर्धा पडला आहे, तर तो कशासाठी या प्रश्नाला उत्तर नसते. पिस्तूल म्हणून जोडलेला दुसरा रिसीव्हर घरात असेल तर उत्तर आहे.

पिस्तुलाची रायफल करताना क्रमही महत्त्वाचा आहे. आधी आखूड बॅरल काढा, सोळा इंची किंवा लांब बॅरल बसवा, मगच दस्ता लावा. परत जाताना आधी दस्ता काढा, मगच बॅरल बदला. उलट क्रमाने मधल्या दोन मिनिटांपुरती का होईना, तुमच्या टेबलावर नोंद नसलेली आखूड रायफल तयार होते. रिसीव्हर पहिल्यांदा पिस्तूल म्हणून जोडला तेव्हाचा तारीख दिसणारा फोटो आणि विक्रीची पावती जपून ठेवणेही उपयोगी. कायदा ते मागत नाही, पण प्रश्न निघालाच तर तेवढाच पुरावा हाती असतो.

परदेशी बनावटीच्या पिस्तुलाला दस्ता लावण्याआधी आणखी एक मोजणी करावी लागते. ठरलेल्या वीस भागांपैकी दहाहून जास्त आयात भाग वापरून अर्धस्वयंचलित रायफल जोडायला मनाई आहे. रिसीव्हर, बॅरल, चाप, हॅमर, मूठ, दस्ता, मॅगझिनचे तीन भाग अशी ती यादी आहे. पिस्तुलाला हा नियम नाही, रायफलला आहे. म्हणून युरोपातून आलेल्या पिस्तुलाची रायफल करणारे लोक आधी चाप-हॅमरचा संच, मूठ आणि दस्ता अमेरिकी बनावटीचे घेतात.

ब्रेसचा बारा वर्षांचा गोंधळ

२०१२ मध्ये एका माजी सैनिकाने अपंग नेमबाजांसाठी मनगटाला बांधायचा आधार तयार केला. एआर पिस्तूल पुढे जड असते, एका हाताने ते सरळ धरणे अवघड जाते. ब्रेस मागच्या नळीवर बसतो आणि पट्ट्याने हाताला घट्ट होतो. एटीएफने लेखी कळवले की याने पिस्तुलाचा वर्ग बदलत नाही. ब्रेस बाजारात आला, आणि तो खांद्यालाही बरा टेकतो हे लोकांच्या लगेच लक्षात आले.

जानेवारी २०१५ मध्ये एटीएफने खुले पत्र काढले: ब्रेस खांद्याला टेकवला तर तुम्ही शस्त्राची रचनाच बदलली. म्हणजे एकच वस्तू हातात कायदेशीर, खांद्यावर बेकायदा. हा अर्थ टिकणारा नव्हता, कारण व्याख्या शस्त्राच्या रचनेची आहे, एखाद्या क्षणी ते कसे धरले याची नाही. २०१७ मध्ये एटीएफने स्वतःच तो सैल केला. पण त्यानंतरचे ब्रेस दिवसेंदिवस दस्त्यासारखेच दिसू लागले, हेही मान्य करायला हवे.

३१ जानेवारी २०२३ ला अंतिम नियम प्रसिद्ध झाला. मागच्या भागाचे क्षेत्रफळ, शस्त्राचे वजन आणि लांबी, चापापासून मागच्या टोकापर्यंतचे अंतर, दुर्बिणीला डोळा किती जवळ लागतो, उत्पादकाची जाहिरात कशी आहे, अशा कसोट्यांवर ब्रेस लावलेली बहुतेक पिस्तुले आखूड रायफली ठरणार होती. मालकांना १२० दिवस दिले. या मुदतीत मोफत नोंदणी करा, ब्रेस काढा, सोळा इंची बॅरल लावा, शस्त्र जमा करा किंवा नष्ट करा. एटीएफच्या स्वतःच्या अंदाजाने अशी शस्त्रे तीस लाख होती. नोंदणीचे अर्ज आले अडीच लाखांच्या आसपास.

न्यायालयांनी हा नियम टिकू दिला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो कार्यपद्धतीच्या कायद्याचा भंग करतो असे प्रथमदर्शनी मत दिले, आणि १३ जून २०२४ ला टेक्सासच्या उत्तर जिल्ह्याच्या संघीय न्यायालयाने तो पूर्ण रद्द केला. २०२५ मध्ये सरकारने अपीलही सोडून दिले.

आता काय? नियम गेला, १९३४ चा कायदा गेलेला नाही. ब्रेस म्हणून आखलेला, ब्रेस म्हणून विकला गेलेला भाग पिस्तुलावर असणे संघीय पातळीवर अडचणीचे नाही. पण ब्रेसचा पट्टा कापून टाकणे, त्याला मागून रबराची गादी चिकटवणे, असे बदल केले की 'नव्याने बनवलेले' हे व्याख्येतले शब्द तुमच्याविरुद्ध उभे राहतात. ब्रेस आहे तसाच ठेवावा.

उभी मूठ

पिस्तुलाच्या व्याख्येत एक हात आहे. बॅरलखाली काटकोनात दुसरी मूठ लावली की शस्त्र दोन हातांनी धरण्यासाठी आखलेले ठरते, आणि एटीएफच्या मते ते पिस्तूल राहत नाही. एकूण लांबी २६ इंचांच्या आत असेल तर ते अंगावर लपवता येण्याजोगे मानले जाते आणि 'इतर शस्त्र' या एनएफए वर्गात जाते. लांबी २६ इंचांहून जास्त असेल तर ते आधी सांगितलेल्या बिननावाच्या कप्प्यात जाते आणि मूठ चालते. तेच शस्त्र कपड्यांत लपवून बाळगले तर मात्र पुन्हा अडचण येते.

तिरकी मूठ आणि हात अडकवायचा छोटा टेकू यांना एटीएफने सामान्यतः उभी मूठ मानलेले नाही. म्हणून एआर पिस्तुलांवर तिरक्या मुठी दिसतात. पण काही तिरक्या मुठींचा कोन बदलता येतो; काटकोनापर्यंत येणारी मूठ आखूड पिस्तुलावर लावू नका. रायफलवर मात्र कोणतीही मूठ लावा, संघीय कायदा काही म्हणत नाही.

बाकीचे भाग

रेड डॉट, दुर्बीण, लेसर, टॉर्च, पट्टा, मझल ब्रेक, फ्लॅश हायडर यांवर संघीय बंधन नाही. मॅगझिनच्या क्षमतेवरही नाही; दहाची मर्यादा १९९४ ते २००४ या दहा वर्षांपुरती होती. राज्यांनी मात्र ती ठेवली आहे, आणि कधी वर्गानुसार वेगळी: इलिनॉयमध्ये लांब शस्त्राला दहा, पिस्तुलाला पंधरा.

सायलेन्सर ही वेगळीच बाब. तो शस्त्राला लावलेला असो वा ड्रॉवरमध्ये पडलेला, स्वतःच एनएफए वस्तू आहे आणि त्याची स्वतंत्र नोंद लागते. ४२ राज्यांत तो बाळगता येतो. साफसफाईच्या द्रवासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या 'सॉल्व्हंट ट्रॅप' किटांपासून दूर राहा. एटीएफ त्यांतल्या अनेकांना सायलेन्सरचे भाग मानते, ती जप्त झाली आहेत आणि ग्राहकांना पत्रेही गेली आहेत.

बंप स्टॉकवर, म्हणजे बंदुकीच्या धक्क्याच्या जोरावर चाप भराभर ओढला जाईल अशा दस्त्यावर, २०१७ च्या लास व्हेगासच्या हत्याकांडानंतर एटीएफने बंदी घातली होती. जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती रद्द केली, कारण चाप दर गोळीला पुन्हा ओढला जातोच आणि मशीनगनच्या व्याख्येत 'चापाची एक क्रिया' असे शब्द आहेत. अनेक राज्यांत तो आजही बेकायदा आहे. ग्लॉक पिस्तुलाच्या मागे बसणारा, त्याला सलग गोळ्या झाडायला लावणारा 'स्विच' मात्र कशालाही न लावता, नुसता खिशात असला तरी मशीनगन आहे. १९ मे १९८६ नंतरच्या मशीनगनची खासगी नोंद होऊच शकत नाही, त्यामुळे त्याला कायदेशीर वाट नाही.

वर्ग बदलल्याने रोजच्या व्यवहारात काय बदलते

परवानाधारक विक्रेत्याकडून रायफल घ्यायला १८ वर्षे, पिस्तूल किंवा नुसता रिसीव्हर घ्यायला २१. या वयोमर्यादेला न्यायालयांत आव्हान दिलेले आहे, पण दुकानदार आजही हेच वय पाहतो. रायफल दुसऱ्या राज्यातल्या विक्रेत्याकडूनही घेता येते, दोन्ही राज्यांचे कायदे पाळले तर. पिस्तूल फक्त आपल्या राज्यातल्या विक्रेत्यामार्फत. कामकाजाच्या सलग पाच दिवसांत दोन पिस्तुले घेतली तर विक्रेता एटीएफला कळवतो.

गाडीतही फरक पडतो. विस्कॉन्सिनमध्ये भरलेली रायफल गाडीत ठेवता येत नाही, भरलेले पिस्तूल ठेवता येते. काडतुसांनाही हा वर्ग चिकटतो. चिलखतभेदी काडतुसाची बंदी पिस्तुलात वापरता येणाऱ्या गोळ्यांसाठी आहे. रशियन ७एन६ गोळ्या झाडणारे पिस्तूल बाजारात आल्यानंतर २०१४ मध्ये त्या गोळ्यांची आयात या आधारावर थांबली. रायफलींचे मालक एका पिस्तुलामुळे स्वस्त गोळ्यांना मुकले.

राज्यांचे कायदे याहून कडक असू शकतात. कॅलिफोर्नियात मॅगझिन मुठीच्या बाहेर बसत असेल तर तेवढ्या एका लक्षणावर अर्धस्वयंचलित पिस्तूल 'असॉल्ट वेपन' ठरते. म्हणजे टेक्सासमधले साधे एआर पिस्तूल तिथे नेणेच गुन्हा. बॅरलच्या तोंडाला आट्या असणे, हेही न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत पिस्तुलाच्या बाबतीत मोजले जाणारे लक्षण आहे. घर बदलून दुसऱ्या राज्यात जाताना आधी तिथला कायदा वाचा, सामान मग बांधा.

नोंदणी करायचीच असेल तर

घरी आखूड रायफल बनवायची तर फॉर्म १, तयार घ्यायची तर विक्रेत्यामार्फत फॉर्म ४. दोन बाय दोन इंचांचा फोटो, बोटांच्या ठशांची दोन कार्डे आणि स्थानिक पोलीस प्रमुखाला अर्जाची प्रत. ट्रस्टच्या नावाने केले तर प्रत्येक जबाबदार व्यक्तीचे कागद वेगळे. जुलै २०२५ च्या कायद्याने आखूड रायफल, आखूड शॉटगन, सायलेन्सर आणि इतर शस्त्रांवरचा २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य केला. नोंदणी, ठसे, तपासणी सगळे तसेच आहे. करच उरला नाही तर कराच्या आधारावरची नोंदणी कशी टिकते, असे विचारणारे खटले दाखल झाले आहेत. त्यांचा निकाल लागेपर्यंत नोंद आवश्यकच.

मंजुरी हाती येईपर्यंत आखूड बॅरल आणि दस्ता एकत्र जोडू नका. मंजुरीनंतर बनवणाऱ्याचे नाव, शहर आणि राज्य शस्त्रावर कोरायचे असते, खोली किमान तीन हजारांश इंच. लेसरने नुसते वर उमटवलेले अक्षर या खोलीत बसत नाही, आणि ही चूक वारंवार होते. राज्याबाहेर आखूड रायफल नेण्याआधी फॉर्म ५३२०.२० वर परवानगी घ्यावी लागते. पिस्तुलाला ती लागत नाही, आणि प्रवास करणारे बरेच लोक ब्रेसवरच थांबतात ते यामुळे.

व्हिसावर असलेल्यांसाठी

न्यू जर्सी, टेक्सास, बे एरिया इथल्या अनेक मराठी घरांना वरचे सगळे वाचण्याआधी एक प्रश्न विचारावा लागेल. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१, बी-२ हे सगळे अस्थायी व्हिसे आहेत. अशा व्हिसावर दाखल झालेल्या व्यक्तीने पिस्तूल, रायफल किंवा नुसती काडतुसे जवळ बाळगणेही संघीय गुन्हा आहे. मित्राबरोबर नेमबाजीच्या रेंजवर जाऊन भाड्याची बंदूक हातात घेणे हेही 'बाळगणे'च. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला २०१९ चा रेहायफ खटला असाच होता. विद्यार्थी व्हिसावर आलेल्या तरुणाला विद्यापीठाने काढून टाकले, त्याचा दर्जा संपला, तो रेंजवर गेला आणि खटला उभा राहिला. आरोपीला आपला दर्जा माहीत होता हे सरकारने सिद्ध करायला हवे, एवढे न्यायालयाने सांगितले. कलम कायम आहे.

अस्थायी व्हिसावरच्यांसाठी नेहमी वापरला जाणारा अपवाद म्हणजे कोणत्याही अमेरिकी राज्याचा चालू मुदतीचा शिकारीचा परवाना. तो असेल तर फॉर्म ४४७३ वर त्याची नोंद करून खरेदी होऊ शकते. विक्रेता परवान्याचा पुरावा मागतो. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो, आणि घरात ठेवलेले शस्त्र त्या दिवसापासून बेकायदा होते. बरेच शिकारीचे परवाने वर्षभराचेच असतात, म्हणून नूतनीकरणाची तारीख आधीच लिहून ठेवावी. ग्रीन कार्ड मिळालेल्यांना ही अट नाही. ग्रीन कार्डाचा अर्ज प्रलंबित असणे म्हणजे कार्ड मिळणे नव्हे. त्या मधल्या काळात फॉर्मवर सही करण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, कारण इथली चूक बंदुकीच्या खटल्यापुरती थांबत नाही, देशात राहण्याचा हक्कही जाऊ शकतो.